उंदराला आमवात ‘दिला’ कसा जातो, आणि तो माणसाबद्दल किती सांगतो

‘नव्या औषधाने उंदरांमधला संधिवात बरा’ अशी बातमी अधूनमधून येतच असते. घरात कुणाची बोटं सकाळी तासभर उघडत नसतील, तर ती वाचून आशा वाटणं साहजिक आहे. पण प्रयोगशाळेतल्या साध्या उंदराला आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपोआप होत नाही. तो घडवावा लागतो. तो कसा घडवला, औषध कोणत्या दिवशी सुरू केलं आणि पंजा कुणी, कसा मोजला, यावर त्या बातमीचं वजन ठरतं. म्हणून सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत आपण जरा खोलवर शिरू: कोलॅजेन टोचून घडवलेला संधिवात.

त्याआधी सांध्याबद्दल थोडं. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि सांध्याच्या पिशवीला आतून एक नाजूक अस्तर असतं, त्याला सायनोव्हियम म्हणतात. निरोगी माणसात या अस्तराच्या आतल्या बाजूला पेशींचे जेमतेम एक ते तीन थर असतात. त्यात दोन प्रकारच्या पेशी असतात: कचरा गिळणाऱ्या मॅक्रोफेज आणि वंगण तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट. आमवातात हे थर दहा-दहापर्यंत वाढतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्तातल्या टी आणि बी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) तिथे मुक्काम ठोकतात. सुजलेलं हे अस्तर मग कूर्चेवर सरकत जातं. त्यातल्या फायब्रोब्लास्ट कूर्चा विरघळवणारी विकरं सोडतात, तर ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी हाड कुरतडतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे एकदा गेलेली कूर्चा शरीर पूर्ववत करू शकत नाही. सूज उतरवणं आणि सांधा वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि चांगला प्रयोग दोन्ही तपासतो.

कोलॅजेनच का?

कूर्चेतल्या कोलॅजेनपैकी ९० टक्क्यांहून अधिक टाइप २ कोलॅजेन असतं आणि ते शरीरात इतरत्र फारच कमी सापडतं. १९७७ मध्ये ट्रेंथम, टाउन्स आणि कांग या अमेरिकी संशोधकांनी हे शुद्ध कोलॅजेन तेलात कालवून रॅटच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उंदराहून बऱ्याच मोठ्या, वेगळ्या प्राण्याच्या त्वचेत टोचलं. सुमारे ४० टक्के रॅटचे सांधे सुजले. टाइप १ किंवा टाइप ३ कोलॅजेन टोचलं तेव्हा काहीच झालं नाही. टाइप २ सुद्धा मूळ तिहेरी पिळाच्या रूपात असेल तरच काम करत होतं. १९८० मध्ये हाच प्रयोग उंदरांवर जमला आणि डीबीए/१ नावाची जात त्यासाठी रूढ झाली.

ही जात निवडण्यामागे ठोस कारण आहे. प्रतिकारशक्तीच्या पेशी परक्या प्रथिनाचा तुकडा ज्या रेणूवर धरून टी पेशींना दाखवतात, तो रेणू प्रत्येक जातीत थोडा वेगळा असतो. डीबीए/१ मधला रेणू टाइप २ कोलॅजेनचा एक ठरावीक तुकडा घट्ट पकडतो. माणसातही असाच रेणू बनवणाऱ्या एचएलए-डीआरबी१ या जनुकाचे काही प्रकार आमवाताचा धोका वाढवतात, म्हणजे तत्त्व तेच. उलट, जनुकं बदललेले बहुतेक उंदीर ज्या सी५७ब्लॅक/६ जातीवर तयार होतात, ती या आजाराला बरीच दाद देत नाही. कोंबडीचं कोलॅजेन वापरून तिच्यात संधिवात आणता येतो, पण तो कमी उंदरांना, उशिरा आणि सौम्य होतो. ‘अमुक जनुक काढलं आणि उंदीर वाचले’ असं वाचलं की आधी जात पाहावी.

प्रत्यक्ष कृती

गाईचं किंवा कोंबडीचं शुद्ध टाइप २ कोलॅजेन ०.०५ मोलर अ‍ॅसेटिक आम्लात, मिलीलिटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात, ४ अंश सेल्सिअसला रात्रभर हळूहळू ढवळत विरघळवतात. इथे घाई नडते. लवकर विरघळावं म्हणून कुणी ते गरम केलं, तर तिहेरी पीळ उलगडतो आणि उरतं ते जिलेटिन. जिलेटिन टोचून संधिवात होत नाही. चूक कळते ती थेट महिनाभराने, जेव्हा एकाही उंदराचा पाय सुजत नाही.

दुसरा घटक फ्रॉइंडचं पूर्ण अ‍ॅडजुव्हंट, म्हणजे प्रतिकारशक्तीला चिथावणारं मिश्रण. हे खनिज तेल असतं आणि त्यात मारलेल्या क्षयजंतूंची पूड मिसळलेली असते. या प्रयोगासाठी साधारणपणे मिलीलिटरला २ ते ४ मिलिग्रॅम जंतू असलेलं घेतात. कोलॅजेनचं द्रावण आणि हे तेल समसमान घेऊन बर्फात ठेवूनच घोटतात, कारण होमोजिनायझरच्या पात्याची उष्णताही कोलॅजेन बिघडवायला पुरते. तयार इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण, घट्ट चक्क्यासारखं पांढरं आणि न ओघळणारं हवं. त्याची परीक्षा सोपी आहे: एक थेंब पाण्यावर सोडायचा. थेंब अखंड राहिला तर इमल्शन जमलं. पसरला तर तेल आणि पाणी वेगळं होतंय, परत घोटायचं. हा थेंब न तपासता पुढे जाणं हे प्रयोग फसण्याचं फार नेहमीचं कारण आहे.

टोचायचं असतं १०० मायक्रोलिटर, म्हणजे उंदरामागे १०० मायक्रोग्रॅम कोलॅजेन. इमल्शन सिरिंजला आणि भांड्याला भरपूर चिकटतं, म्हणून हिशेबाच्या दीडपट ते दुप्पट बनवतात. सिरिंज काचेची आणि सुई पिळून बसवायची असलेली बरी. तेलाने रबरी दट्ट्या फुगून अडकतो आणि जोर लावला की नुसती ढकलून बसवलेली सुई उडते. हे इमल्शन स्वतःच्या बोटात टोचलं किंवा डोळ्यात उडालं तर दुखणं महिनोन्‌महिने चालू शकतं. ज्यांच्या शरीराची क्षयजंतूंशी आधीच ओळख झाली आहे, त्यांच्यात ही प्रतिक्रिया आणखी तीव्र होऊ शकते. आपल्याकडे बीसीजीची लस जन्मतःच दिली जाते, त्यामुळे गॉगल आणि सावधपणा इथे ऐच्छिक नाही.

इंजेक्शनची जागा म्हणजे शेपटी, बुडापासून साधारण दीड-दोन सेंटिमीटरवर, आणि तेही त्वचेच्या थरातच. बरोबर जागी असेल तर दट्ट्या दाबताना चांगलाच विरोध जाणवतो. सहज गेलं तर समजावं की सुई त्वचेखालच्या सैल जागेत उतरली आहे आणि त्या उंदरात आजार येण्याची शक्यता घटली. २१व्या दिवशी दुसरा डोस देतात. त्यात बहुधा जंतू नसलेलं अपूर्ण अ‍ॅडजुव्हंट वापरतात आणि टोचण्याची जागा बदलतात. त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत बोटं किंवा घोटा लाल होऊन सुजायला लागतो. कृती नीट झाली असेल तर ८० ते १०० टक्के उंदरांना आजार होतो.

उंदीर सहसा ८ ते १० आठवड्यांचे नर घेतात. माणसात आमवात स्त्रियांना पुरुषांच्या दोन ते तीन पट अधिक होतो, या मॉडेलमध्ये मात्र नरांनाच जास्त होतो. हा फरक साधा नाही, आणि तो लपवण्यासारखाही नाही. नरांची आणखी एक अडचण म्हणजे ते भांडतात. चावलेला पंजाही सुजतो आणि वरवर पाहता संधिवातासारखाच दिसतो. म्हणून आईपासून तोडल्यापासून एकत्र वाढलेल्या नरांनाच एका पिंजऱ्यात ठेवतात. वय वाढू देण्यातही धोका आहे. एकत्र ठेवलेल्या प्रौढ डीबीए/१ नरांच्या मागच्या पायाची बोटं काहीही न टोचता ताठरतात. शेजारच्या खोलीतलं बांधकाम, पिंजऱ्यांची हलवाहलव, प्रवासाचा शीण यांनीही आजाराचं प्रमाण घसरतं, कारण ताणाखाली शरीर स्वतःचं स्टिरॉइड सोडतं आणि प्रतिकारशक्ती दबते. बाहेरून आलेल्या उंदरांना निदान आठवडाभर स्थिरावू देतात ते यासाठी.

पंजा मोजण्याची कला

दर एक-दोन दिवसांनी प्रत्येक पंजाला ० ते ४ गुण देतात. शून्य म्हणजे निरोगी. एखादंच बोट किंवा फक्त घोटा किंचित लाल-सुजलेला असेल तर १. सूज अधिक सांध्यांत पसरत जाईल तसे २ आणि ३. अख्खा पंजा सुजून सांधे जखडले की ४. चार पंजे मिळून जास्तीत जास्त १६. जोडीला कॅलिपरने जाडी मोजतात. निरोगी मागचा पंजा सुमारे २ मिलिमीटर असतो. कॅलिपर जरा जोरात दाबला तरी आकडा बदलतो, म्हणून मोजणारा माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच हवा. आणि कोणत्या उंदराला औषध आणि कोणाला नुसतं द्रावण दिलंय, हे त्याला अजिबात माहीत नसावं. ‘१ की २’ असा प्रश्न पडला की मनातली आशा औषधाच्या बाजूने झुकते. यात बेइमानीची गरज नसते, माणसाच्या डोळ्यांची ती सवयच आहे.

सगळे उंदीर एकाच दिवशी आजारी पडत नाहीत. एकाचा पाय २४व्या दिवशी सुजतो, दुसऱ्याचा ३५व्या. सर्वांची सरसकट सरासरी काढली तर निरोगी राहिलेले उंदीर आकडा खाली ओढतात, आणि किती जणांना आजार झाला व झालेल्यांत तो किती तीव्र होता, ही दोन उत्तरं एकमेकांत मिसळतात. ती वेगळी द्यायला हवीत.

औषध कधी सुरू केलं, हा तर कळीचा प्रश्न. पहिल्या इंजेक्शनपासूनच औषध दिलं तर ते कोलॅजेनविरुद्धची प्रतिक्रियाच तयार होऊ देत नसेल. असं औषध सांध्यावर काम करतंय असं म्हणता येत नाही. रक्तातली कोलॅजेनविरोधी प्रतिपिंडं मोजली की हे उघड होतं. दवाखान्यात येणाऱ्या माणसाचा आजार आधीच सुरू झालेला असतो. त्याच्याशी थोडंफार साम्य हवं असेल तर प्रत्येक उंदराचा पाय सुजल्यावर, त्याच्या स्वतःच्या पहिल्या दिवसापासून औषध सुरू करावं लागतं. प्रतिबंध दाखवणारे प्रयोग जमवायला सोपे असतात आणि त्यांचे आलेखही देखणे येतात. बातम्या बऱ्याचदा त्यांच्याच होतात.

पायाच्या आत काय झालं हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. पंजा फॉर्मलिनमध्ये एक-दोन दिवस ठेवून मग हाडातलं कॅल्शियम काढतात, नाहीतर पातळ काप निघत नाहीत. १० ते १४ टक्के ईडीटीए या कॅल्शियम ओढून घेणाऱ्या रसायनात, दर दोन-तीन दिवसांनी द्रावण बदलत, हे काम दोन-तीन आठवडे चालतं. तीव्र आम्लात ते पटकन उरकतं, पण आम्ल कूर्चेतली प्रोटिओग्लायकॅनही सैल करतं. कूर्चेला लाल रंग देणारा सॅफ्रनिन-ओ ज्याला चिकटतो ते हेच घटक. परिणामी निरोगी सांधासुद्धा फिका दिसतो आणि ‘कूर्चा झिजली’ असा खोटा निष्कर्ष निघतो. ऑस्टिओक्लास्ट ओळखणारी विकराची चाचणीही आम्लाने निकामी होते. दोन आठवडे वाचवायच्या नादात दोन महिन्यांचा प्रयोग हातचा जातो.

जिथे या मॉडेलने रस्ता दाखवला

१९८९ मध्ये लंडनमध्ये फेल्डमन आणि मैनी यांच्या गटाने आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी बशीत वाढवल्या. या पेशी बाहेरून कुणी चिथावलं नाही तरी दाह वाढवणारी प्रथिनं सोडत राहत. त्यातल्या टीएनएफ या एकाच प्रथिनाला प्रतिपिंडाने अडवलं, तर इंटरल्यूकिन-१ हे दुसरं प्रथिनही घटलं. म्हणजे ही प्रथिनं सुटी-सुटी नव्हती, साखळीत होती आणि टीएनएफ वरच्या बाजूला होतं. तो कयास जिवंत सांध्यात खरा ठरतो का, हे पाहायला डीबीए/१ उंदीर कामी आले. १९९२ च्या प्रयोगात टीएनएफविरोधी प्रतिपिंड आजार सुरू झाल्यानंतर दिलं, तरीही सूज आणि सांध्याची हानी दोन्ही घटल्या. त्याच वर्षी पहिल्या रुग्णांना औषध मिळालं. १९९४ मध्ये ७३ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. चार आठवड्यांनी नुसतं द्रावण मिळालेल्यांपैकी ८ टक्क्यांना ठरलेल्या निकषाइतका आराम पडला होता, मोठा डोस मिळालेल्यांपैकी ७९ टक्क्यांना. इन्फ्लिक्सिमॅब, एटानर्सेप्ट, अ‍ॅडालिम्युमॅब ही औषधं याच वाटेने आली.

ग्रीसमधल्या कोलियास यांच्या गटाने १९९१ मध्ये माणसाचं टीएनएफ जनुक उंदरात घालून दाखवलं होतं की हे एक प्रथिन अनिर्बंध झालं तरी संधिवात होतो. बशीतल्या मानवी पेशी, जनुक बदललेला उंदीर आणि कोलॅजेनचा उंदीर या तीन वेगळ्या दिशांनी एकच उत्तर आलं, म्हणून त्यावर विश्वास ठेवता आला.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रानेही हे मॉडेल वापरलं आहे. तिथल्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की इंटरल्यूकिन-३ दिल्यावर कोलॅजेनने घडवलेला संधिवात मंदावतो आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात.

जिथे उंदीर आणि माणूस वेगळे निघाले

इंटरल्यूकिन-१ अडवलं की या उंदरांचे सांधे फार सुंदर सुधारतात. माणसात त्याच तत्त्वावरचं अ‍ॅनाकिन्रा आमवातावर बेताचंच चालतं. इंटरल्यूकिन-१७ चंही तसंच. उंदरात ठळक परिणाम, आमवाताच्या रुग्णांत कमी, पण सोरायसिसमध्ये आणि पाठीच्या मणक्यांच्या दाहात उत्तम. पी-३८ नावाचं विकर अडवणाऱ्या गोळ्या अनेक प्राणी-मॉडेलमध्ये उत्तीर्ण झाल्या, रुग्णांच्या चाचण्यांत मात्र त्यांचा फायदा किरकोळ आणि तात्पुरता ठरला. तोंडावाटे कोलॅजेन देऊन प्रतिकारशक्तीला शांत करण्याची कल्पनाही प्राण्यांत जमली, मोठ्या चाचण्यांत टिकली नाही.

कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. उंदरातला आजार काही आठवड्यांचा असतो आणि बहुधा आपोआप निवतो. माणसातला वर्षानुवर्षे धुमसतो, आणि त्याची प्रतिपिंडं सांधे सुजायच्या कित्येक वर्षं आधी रक्तात दिसू शकतात. उंदराच्या सांध्यात शेवटी नवं हाड वाढून सांधा जखडतो. आमवातात मुख्यतः हाड खाल्लं जातं. शिवाय क्षयजंतूंनी भरलेलं तेल टोचल्याने उंदराची प्रतिकारशक्ती ज्या दिशेने ढकलली जाते, ती माणसातल्या आजाराची दिशा असेलच असं नाही.

आपल्याकडच्या एका प्रकाराबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘अमुक वनस्पतीचा अर्क संधिवातावर गुणकारी’ अशा बातमीमागे पुष्कळदा कॅराजीननची चाचणी असते. समुद्री शेवाळापासून काढलेल्या या पदार्थाचं १ टक्का द्रावण, ०.१ मिलीलिटर, रॅटच्या तळपायात टोचतात आणि तीन-चार तासांत किती सूज आली ते मोजतात. वेदनाशामक गोळ्यांच्या शोधात ही चाचणी कामाची आहे, पण तो संधिवात नव्हे. त्यात ना टी पेशींची भूमिका, ना कूर्चेची झीज. दुसरी नेहमीची पद्धत म्हणजे रॅटच्या एका तळपायात फ्रॉइंडचं अ‍ॅडजुव्हंट टोचणं. त्याच पायाची सूज पहिल्या दिवशीच येते, ती तेलाने आणि जंतूंनी झालेली चुरचुर. खरा प्रतिकारशक्तीचा संधिवात दिसतो तो न टोचलेल्या पायात, साधारण १० ते १२ दिवसांनी. फक्त टोचलेल्या पायाचा आकडा दिला असेल, तर अर्काने चुरचुर कमी केली एवढंच सिद्ध होतं.

प्राण्याच्या वेदनेचं काय? ती खरी असते, आणि प्रयोगाच्या आखणीतच तिचा विचार व्हावा लागतो. डायक्लोफिनॅकसारखं औषध दिलं तर तेच सूज उतरवून निकाल बिघडवतं, म्हणून ट्रामाडॉल किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारखी वेगळ्या मार्गाने चालणारी वेदनाशामकं विचारात घेतात. मऊ गादी टाकतात, दाणे जमिनीवर ओले करून ठेवतात, बाटलीची नळी लांब लावतात, कारण सुजलेल्या पायांवर उभं राहून उंदराला वर पोचता येत नाही. वजन किती घटलं किंवा गुण किती झाले की त्या उंदराचा प्रयोग थांबवायचा, हे आधी लिहून ठेवतात. भारतात असा प्रत्येक प्रयोग संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीच्या मंजुरीनेच करता येतो.

माणसाच्या अस्तराकडे

गुडघा बदलताना काढून टाकलेलं अस्तर बारीक चिरून, कोलॅजिनेज विकराने सुटं करून बशीत वाढवता येतं. तीन-चार वेळा बशी बदलली की मॅक्रोफेज गळून जातात आणि जवळपास शुद्ध फायब्रोब्लास्ट उरतात. पुढे आठ-दहा वेळांनंतर त्यांचा स्वभाव पालटतो, म्हणून त्याआधीच प्रयोग उरकतात. या पेशी किती आक्रमक असतात, ते १९९६ मध्ये दिसलं. आमवाताच्या रुग्णांचे फायब्रोब्लास्ट आणि निरोगी मानवी कूर्चा एकत्र करून प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात बसवले. टी आणि बी पेशींचा पाठिंबा नसतानाही या फायब्रोब्लास्ट कूर्चेत घुसल्या. २०१९ मध्ये बर्मिंगहॅम आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी फायब्रोब्लास्टमध्ये कामाची विभागणी दाखवली: अस्तराच्या वरच्या थरातल्या फायब्रोब्लास्ट हाड-कूर्चेची हानी करतात, खालच्या थरातल्या सूज पेटती ठेवतात.

ऑपरेशनमध्ये मिळणारं अस्तर मात्र आजाराच्या शेवटच्या टप्प्यातलं असतं. आता सोनोग्राफीने पाहत सुईने सुरुवातीच्या काळातलाही तुकडा घेता येतो. आर४आरए या युरोपीय चाचणीत टीएनएफविरोधी औषध लागू न पडलेल्या १६४ रुग्णांचे असे तुकडे तपासले आणि २०२१ मध्ये निकाल आले. अस्तरात बी पेशी कमी आहेत असं आरएनए तपासणीतून (कोणती जनुकं चालू आहेत ते पाहून) ठरलेल्या रुग्णांत, बी पेशी मारणाऱ्या रिटुक्सिमॅबने ३६ टक्क्यांना, तर इंटरल्यूकिन-६ या प्रथिनाचा मार्ग अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबने ६३ टक्क्यांना आराम पडला. तेच तुकडे नुसते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून गट पाडले, तेव्हा दोन औषधांमधला फरक इतका स्पष्ट उठून दिसला नव्हता.